मे महिन्याच्या सुट्टीत सहकुटुंब परदेशी वन्यजीव-स्वयंसेवा: जावे का, आणि गेल्यास कोणत्या कामाला?

पानगळ (धागाकर्ती)

नमस्कार. आम्ही मुलुंडला राहतो. आम्ही दोघे, नववीत जाणारी मुलगी, दहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई असे पाच जणांचे घर आहे. दर मे महिन्यात एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी जाऊन आठ दिवस खाण्यापिण्यात घालवायचे आणि परतल्यावर तेच ते फोटो नातेवाइकांना दाखवायचे, याचा आता मुलांनाच कंटाळा आला आहे. त्यामुळे या वर्षी परदेशातल्या एखाद्या वन्यजीव संवर्धन प्रकल्पावर सर्वांनी मिळून दोन आठवडे स्वयंसेवा करावी, असा विचार घरात पुढे आला.

एका प्रवास प्रदर्शनात एका कंपनीने दक्षिण आफ्रिकेतील कार्यक्रमाचे माहितीपत्रक हाती दिले. चौदा दिवस मुक्काम, सिंहाच्या अनाथ छाव्यांना बाटलीने दूध पाजणे, त्यांना खेळवणे, थोड्या मोठ्या सिंहांबरोबर फेरफटका आणि शेवटी मुलांना प्रमाणपत्र, असे त्याचे स्वरूप आहे. मुलगा ते माहितीपत्रक उशाशी घेऊन झोपतो.

सासूबाईंचे बालपण सातारा भागातल्या एका गावी गाईम्हशींच्या गोठ्यात गेले. त्यांनी चष्मा लावून ते पान बराच वेळ न्याहाळले आणि विचारले, "एवढ्या पिल्लांच्या आया कुठं गेल्या म्हणायच्या? वासराला गाईपासनं तोडतात ते दुधापायी. हितं काय काढायचंय?" मला उत्तर देता आले नाही. कंपनीच्या प्रतिनिधीला मी तोच प्रश्न जरा सभ्य भाषेत विचारला, तेव्हा सर्व छावे अनाथ आहेत, एवढेच त्याने दोनदा सांगितले. वर्षभर दर आठवड्याला नवे स्वयंसेवक येतात आणि दर वेळी दूध पिण्याच्या वयाचे छावे तिथे असतात, हे गणित मात्र मला जुळवता आलेले नाही.

येथे कोणी मुलांसह अशा कामाला गेले असल्यास कुठे गेलात, मुलांनी प्रत्यक्षात काय केले आणि पुन्हा जाल का, हे सविस्तर लिहावे ही विनंती.

खाडीपलीकडे

आपल्या सासूबाईंनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. तिथे काढायचे असते ते पुढचे वेत.

मोकळ्या रानात सिंहीण पिल्ले वाढवत असते तोवर माजावर येत नाही, त्यामुळे तिच्या दोन वेतांमध्ये साधारण दोन वर्षांचे अंतर पडते. पिल्ले जन्मल्यावर थोड्याच दिवसांत उचलली तर ती लवकर पुन्हा माजावर येते, आणि सिंहिणीचा गर्भकाळ जेमतेम साडेतीन महिन्यांचा असल्याने कुंपणातल्या सिंहिणीकडून रानाच्या कितीतरी पट पिल्ले मिळवता येतात. ही पिल्ले 'अनाथ' म्हणून बाटलीवर वाढवली जातात आणि त्यांना दूध पाजण्यासाठी आपल्यासारखे लोक पैसे मोजून जातात. ती जरा मोठी झाली की 'सिंहांबरोबर फेरफटका' या खेळात वापरली जातात. माणसाच्या हाताळणीत वाढलेल्या सिंहाला रानात सोडता येत नाही, कारण त्याला कळपात राहणे ठाऊक नसते आणि माणसाची भीतीही नसते. मग पूर्ण वाढ झालेल्या नराचे काय होते? त्यांपैकी अनेकांना बंदिस्त आवारात हौशी शिकाऱ्यांसमोर सोडले जाते, आणि हाडे आशियातल्या बाजारात जातात. २०१७ या वर्षासाठी तर दक्षिण आफ्रिकेने ८०० सांगाड्यांच्या निर्यातीचा अधिकृत कोटाच ठरवला होता. पुढे तो आणि २०१८ चा कोटा तिथल्याच उच्च न्यायालयाने २०१९ साली बेकायदा ठरवला.

त्या देशात पिंजऱ्यात वाढवलेल्या सिंहांची संख्या मोकळ्या सिंहांपेक्षा अधिक आहे. सरकारने नेमलेल्या उच्चस्तरीय समितीच्या शिफारशी मान्य करून, सिंहांची अशी पैदास थांबवण्याचे धोरण मे २०२१ मध्ये जाहीर झाले. म्हणजे ज्याला तिथले सरकारच संवर्धन मानत नाही, ते मुंबईच्या प्रदर्शनात संवर्धन म्हणून विकले जात आहे.

दक्षिण आफ्रिकेत उत्तम संवर्धनाचे कामही चालते, हे सांगायला हवे. फक्त त्यात प्राणी मांडीवर येत नाहीत.

तिसरी_घंटा

वरील प्रतिसादाशी सहमत. अशीच दुसरी जागा थायलंडमधल्या कांचनाबुरी प्रांतातली. तिथल्या एका मठात अनेक वर्षे परदेशी स्वयंसेवक राहून वाघांना आंघोळ घालत आणि पिल्लांना दूध पाजत. २०१६ साली वन्यजीव खात्याने छापा घातला तेव्हा १३७ जिवंत वाघ हलवावे लागले आणि शीतपेटीत ४० मेलेली पिल्ले सापडली. तिथे राबलेल्या बहुतेकांचा हेतू चांगलाच असणार.

एक विनंती मात्र आहे. मुलाला 'तू चुकीची गोष्ट मागितलीस' असे वाटू देऊ नका. दहा वर्षांच्या मुलाला सिंहाचा छावा हवासा वाटणारच. मला पन्नाशीत वाटतो.

शिवडीचा_बगळा

आम्ही चौघे (मुलगा तेरा, मुलगी नऊ) गेल्या वर्षी श्रीलंकेत दहा दिवस होतो, वस्गमुवा राष्ट्रीय उद्यानाच्या वेशीवरच्या गावांत. मुंबईहून कोलंबो अडीच तासांचे विमान आणि पुढे रस्त्याने निम्मा दिवस. जागा निवडताना माझ्या मनात कोणतेही तत्त्व नव्हते. विमान स्वस्त होते आणि नऊ वर्षांच्या मुलीला घेण्यास ते तयार होते, एवढेच. पुष्कळ ठिकाणी किमान वय अठरा असते, हे तुम्हालाही शोधताना लक्षात येईल.

तिथला प्रश्न हत्ती आणि शेतकरी यांच्यातला आहे. २०१९ या एका वर्षात श्रीलंकेत चारशेहून अधिक हत्ती आणि शंभराहून अधिक माणसे या संघर्षात दगावली. देश आपल्या महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याच्या जरा वर, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्याचा अर्थ कळतो. पहिल्याच दिवशी आम्हांला एक घर दाखवण्यात आले. त्याच्या मागच्या भिंतीला दरवाजाएवढे भगदाड होते आणि त्यावर निळी ताडपत्री ठोकलेली होती. आत भाताच्या गोण्या होत्या. त्या वासाने रात्री हत्तीने भिंत ढकलली होती. घरधनीण ते अशा सुरात सांगत होती, की जणू पागोळ्यांनी अंगणातली माती वाहून गेली. तिने आम्हांला लाल तांदळाचा भात आणि खोबऱ्याचा पोळ सांबोल खाऊ घातला. मुलगी म्हणाली, ही तर आजीची ओल्या खोबऱ्याची चटणी, फक्त जास्त तिखट.

कामे तीन होती. पहिले काम कुंपणाचे. गाव आणि शेते यांच्याभोवती विजेच्या तारांचे कुंपण असते. त्याचा झटका बसतो, पण जीव जात नाही. आमचा समज असा होता, की कुंपण एकदा घातले म्हणजे काम झाले. प्रत्यक्षात तारेखालचे गवत वाढून ओले पाते तारेला टेकले तरी वीज जमिनीत उतरते आणि पुढचे सगळे कुंपण मिळमिळीत होते. म्हणून दर थोड्या दिवसांनी कोणीतरी कोयता घेऊन सबंध कुंपणाच्या कडेने चालावे लागते. गावकऱ्यांच्या मागे आम्ही चाललो, गवत काढले आणि मापकाने तारेतला वीजदाब तपासून वहीत लिहिला. मुलांना कोयता अर्थातच दिला नाही.

दुसरे काम लीद मोजण्याचे. ठरलेल्या पायवाटेने सकाळी चालत जायचे आणि दिसेल त्या प्रत्येक ढिगाची नोंद करायची: जागा, ताजी की वाळलेली, आणि अखंड गोळ्याचा घेर. घेरावरून हत्ती वयाने साधारण केवढा आहे याचा अंदाज बांधता येतो, हे मला पूर्वी माहीत नव्हते. माझी मुलगी घरी ताटातला भोपळा बोटाने बाजूला सारते. तिने चौथ्या दिवशी हातमोजा घालून एक गोळा फोडला आणि आतल्या बिया चिमट्याने वेगळ्या काढून मोजल्या. त्या संख्येवर खूण करताना पेन्सिलीचे टोक तुटले, तर टोक करून होईपर्यंत तिने आम्हांला पुढे जाऊ दिले नाही.

तिसरे काम संध्याकाळी झाडावरच्या मचाणीत बसून हत्ती येतात का, किती येतात आणि कोणत्या बाजूने येतात, हे टिपण्याचे. कानाच्या कडेच्या फाटी आणि घड्या यांवरून एकेक हत्ती ओळखतात. दहा दिवसांत आम्हांला हत्ती दोनदा दिसले, तेही लांबून. तिसऱ्या दिवशी मुलगा चिडून म्हणाला, "याच्यापेक्षा राणीच्या बागेत जास्त दिसले असते." ते खरेच होते, आणि तो दिवस वाईट गेला. पाऊस पडत होता, दुपारी वीज नव्हती, आणि एवढे पैसे खर्चून आपण मुलांना काय दाखवायला आणले, असा प्रश्न मी आणि पत्नीने एकमेकांना विचारलाही.

पुन्हा जाणार का, याचे उत्तर मुलगी लगेच 'हो' असे देते. मुलगा 'बघू' म्हणतो.

कारकून

तीन कोरड्या पण आवश्यक गोष्टी लिहितो.

एक, व्हिसा. 'स्वयंसेवा म्हणजे नोकरी नव्हे, तेव्हा पर्यटक व्हिसा चालेल' असे दलाल सर्रास सांगतात. थायलंडमध्ये बिनपगारी कामालाही कामाचा परवाना लागतो. प्रत्येक देशाचा नियम निराळा असल्याने त्या देशाच्या वकिलातीकडून ईमेलने उत्तर घ्यावे आणि छापून जवळ ठेवावे. दलालाच्या तोंडी आश्वासनाला विमानतळावर किंमत नसते.

दोन, पैसे. पॅकेज म्हणून रक्कम भरल्यास त्यावर टीसीएस (पॅकेज विकणारा आगाऊ वसूल करतो तो प्राप्तिकर) कापला जातो. तो बुडत नाही. विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. तरीही रक्कम काही महिने अडकते, याचा हिशेब आधीच धरावा.

तीन, विमा. साध्या प्रवास विम्यात शारीरिक श्रमाचे काम आणि प्राण्यांपासून झालेली इजा बहुधा वगळलेली असते. पॉलिसीतील वगळलेल्या बाबींचे पान आधी वाचावे, पहिले पान नंतर.

वेळासवारी

माझा सूर जरा वेगळा लागेल, त्याबद्दल क्षमस्व. मुलुंडहून निघून मंडणगड तालुक्यातल्या वेळासला पोहोचायला एक दिवस पुरतो. नाना फडणविसांच्या या गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखण्याचे काम उभे केले, आणि पूर्वी अंडी खाणारे वा विकणारे गावच आता ती सांभाळते. अंडी कुंपणाच्या आतल्या वाळूत पुन्हा पुरतात आणि घरट्यावर टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलली की कधी खाली नुसती वाळू असते, तर कधी तळहातावर मावतील एवढी काळी पिल्ले एकमेकांवर चढत असतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्ले, आणि त्यांतले हजारी एखादेच मोठे होईल असा अंदाज. मुलांना हे पाहायला विमान कशाला लागते?

वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षांचा कचरा अफरोज शहा आणि शेकडो मुंबईकरांनी २०१५ पासून उपसला आणि मार्च २०१८ मध्ये तिथे कासवाची पिल्ले दिसली. ते सगळे लोक शनिवार-रविवारी हातमोजे घालून लोकलने किंवा रिक्षाने गेले होते. चौघांच्या आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाचा धूर काढून निसर्ग वाचवायला जाणे यातला विरोधाभास मला तरी पचत नाही. शिवाय जे गवत श्रीलंकेतला गावकरी तुमच्या निम्म्या वेळात कापतो, ते कापायला मुंबईचा संगणक अभियंता का जावा, हा प्रश्नही उरतोच.

शिवडीचा_बगळा

वेळासवारी, तुमचा शेवटचा प्रश्न मला तिथे रोज पडत होता. आम्ही गवत हळू काढले आणि वाईटही काढले, हे मान्य आहे. आमच्या मेहनतीची त्यांना गरज नव्हती. आम्ही भरलेल्या शुल्कातून चार स्थानिक क्षेत्रसहायकांचे पगार निघतात, असे तिथल्या व्यवस्थापकाने मी विचारल्यावर सांगितले आणि त्या चौघांची ओळखही करून दिली. त्यातल्या एकाच्या काकाचा हत्तीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता, आणि तोच माणूस आता हत्तींच्या कानांची चित्रे काढून वही ठेवतो. पैसे थेट पाठवून घरी बसलो असतो तर हिशेबाने ते अधिक चोख झाले असते. पण खरे सांगायचे, तर मी पाठवले नसते. कोणीच पाठवत नाही.

विमानाच्या धुराबद्दल माझ्यापाशी उत्तर नाही.

पानगळ (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री जेवताना खाडीपलीकडे यांचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. 'पुढचे वेत' हे शब्द ऐकताच त्या 'हां' म्हणाल्या आणि पुढचा घास घेतला. त्यांच्या दृष्टीने विषय तिथेच संपला. मुलाच्या दृष्टीने संपला नाही. तो रडला नाही, पण माहितीपत्रक उशाखालून काढून कपाटात ठेवले, आणि हे मला रडण्यापेक्षा जड गेले. आज त्याने विचारले, की ओरांगउटानची पिल्ले तरी खरी अनाथ असतात ना, मग तिथे जाता येईल का? बोर्निओबद्दल कोणाला माहिती आहे का? आणि लशींचे काय?

गुळवेल

मी बालरोगतज्ज्ञ आहे, तेव्हा दोन्ही प्रश्नांचे एकत्रच उत्तर देते.

ओरांगउटानची पिल्ले बहुधा खरोखर अनाथ असतात. जंगल तोडले जाते, आई मारली जाते आणि पिल्लू पाळण्यासाठी विकले जाते. बोर्निओ बेटावर, मलेशियाच्या सबाह राज्यात सेपिलोक येथे १९६४ पासून अशा पिल्लांना रानात परतण्याचे शिक्षण देणारे केंद्र आहे. पण नेमक्या याच कारणाने लहान मुलांना तिथे पिल्लांजवळ जाऊ देऊ नये. हे वानर आपल्या इतके जवळचे आहेत, की आपला सर्दी-खोकला आणि क्षयरोग त्यांना होऊ शकतो, आणि शाळेत जाणाऱ्या मुलाच्या नाकात वर्षातले कितीतरी दिवस काही ना काही मुक्कामाला असते, हे मी रोज पाहते. रवांडा आणि युगांडा येथे गोरिला पाहण्यासाठी किमान वय पंधरा ठेवले आहे, त्यामागचे एक मोठे कारण हेच आहे. जी संस्था दहा वर्षांच्या मुलाच्या कडेवर ओरांगउटान देते, तिला त्या पिल्लाच्या प्रकृतीची चिंता नाही, एवढे खुशाल समजावे. चबुतऱ्यावर त्यांना खाऊ घालतात, ते लांबून पाहण्यास काहीच हरकत नाही.

लशींबाबत: केनिया, युगांडा यांसारख्या पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) देशांत जाणार असाल तर पीतज्वराची लस घेऊन निदान दहा दिवस झालेले असावेत आणि पिवळे प्रमाणपत्र बरोबर असावे. जाताना कोणी विचारले नाही तरी मुंबईत परतताना विचारतात, आणि ते नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ही लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि सुट्टीच्या हंगामात तिथे गर्दी असते. एप्रिलची वाट पाहू नका. २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. श्रीलंकेसाठी त्याची गरज नाही. त्या देशाला जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली हिवतापमुक्त जाहीर केले आहे, म्हणजे तिथल्या मंडळींनी आपल्याकडे येताना काळजी घ्यायला हवी, असे म्हणता येईल. डेंग्यू मात्र तिथेही आहे. प्राण्यांच्या जवळपास किंवा दवाखान्यापासून दूर राहायचे असल्यास रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस मुलांना आधीच द्यावी. धोका हत्तीचा नसतो. गावातल्या कुत्र्याच्या पिल्लाला मुले आधी उचलून घेतात आणि नंतर आपल्याला सांगतात.

जुनी_ओढ

मी आणि माझी सतरा वर्षांची मुलगी कोस्टा रिकाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर कासवांच्या कामासाठी तीन आठवडे होतो. पानगळ यांच्या मुलाच्या वयाला ते योग्य नाही, तरी तुलनेसाठी लिहिते.

तिथे हिरव्या कासवांचा मुख्य हंगाम जुलै ते ऑक्टोबर असतो, म्हणजे आपल्या शाळांना गैरसोयीचा. पण लेदरबॅक कासवे मार्च ते जून या काळात येतात आणि ती मे महिन्याच्या सुट्टीत बसतात. जायला मात्र दोन विमाने बदलावी लागतात, आणि अमेरिकेतून जायचे तर नुसत्या विमान बदलण्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा लागतो.

काम रात्रीचे. गडद कपडे, लाल दिवा आणि तोही अगदी गरजेपुरता, कारण पांढऱ्या उजेडाने कासवे बिचकून समुद्रात परततात. चार-चार तास ओल्या वाळूत चालायचे, चंद्र नसेल तर पायाखालचे ओंडकेही दिसत नाहीत. पहिल्या पाच रात्री काहीच आले नाही. सहाव्या रात्री आमच्या प्रमुखाने हात आडवा केला आणि आम्ही जागच्या जागी थांबलो. समोर जे मी खडक समजत होते, ते श्वास घेत होते. लेदरबॅकची पाठ दीड मीटर लांब असू शकते आणि श्वास असा, की आमच्या आळीतल्या लोहाराचा भाता आठवावा. मागच्या पायांनी ती खड्डा खणते तेव्हा पायाचे टोक मनगटासारखे वळवून पेलाभर वाळू वर काढते, एक थेंबही न सांडावा अशा बेताने. मुलगी वाळूत पालथी पडून हातमोज्यात एकेक अंडे घेत होती आणि मी बोटाने मोजणीच्या यंत्राची कळ दाबत होते. तिचा आकडा ८१ आणि माझा ७९ आला. प्रमुखाने दोन्ही आकडे तक्त्यात लिहायला लावले आणि घरटे उघडेल तेव्हा कवचे मोजू, असे सांगितले.

वेळासवारी यांच्या मुद्द्याला एक जोड देते. अशा नोंदी आणि पायाचे टॅग यांचा उपयोग कधी, कुठे होईल, हे त्या रात्री कोणालाच माहीत नसते. ओडिशात २०२१ साली टॅग लावलेले एक ऑलिव्ह रिडले कासव जानेवारी २०२५ मध्ये आपल्या गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडले. पूर्व किनाऱ्यावरची कासवे पश्चिम किनाऱ्यावरही येतात, हे त्या धातूच्या पट्टीवरच्या क्रमांकामुळे कळले.

आणखी एक गोष्ट आईवडिलांनी जाणून घ्यावी. याच किनारपट्टीवर, लिमोनजवळच्या मोईन किनाऱ्यावर, हायरो मोरा या सव्वीस वर्षांच्या कासव-रक्षकाची ३०-३१ मे २०१३ च्या रात्री अंडीचोरांनी हत्या केली. त्याच्याबरोबर चार परदेशी स्वयंसेविका होत्या. त्यांनाही बांधून ठेवले होते. मी हे जाण्यापूर्वी वाचले होते, म्हणून संस्थेला पहिला प्रश्न सुरक्षेचा विचारला: रात्री गस्तीबरोबर कोण असते, चोर दिसल्यास काय करायचे? 'काही होत नाही' असे उत्तर देणाऱ्या एका संस्थेला आम्ही नकार दिला. ज्यांच्याकडे गेलो त्यांनी दोन पाने लेखी सूचना पाठवल्या, त्यातली पहिली अशी होती: चोर दिसल्यास मागे फिरा, अंडी जाऊ द्या.

तिसरी_घंटा

मोजणीच्या यंत्रावर ७९ आणि हातात ८१! पुढे कवचे किती निघाली?

जुनी_ओढ

घरटे उघडण्याआधीच आम्ही परतलो. दोन महिन्यांनी ईमेल आला: भरतीचे पाणी शिरून ते घरटे कुजले. मुलीने तो ईमेल छापून अभ्यासाच्या टेबलासमोर लावला आहे. का ते मी विचारलेले नाही.

पानगळ (धागाकर्ती)

आठवडाभर येथे लिहिता आले नाही, कारण पत्रव्यवहारात गुंतले होते. येथील प्रतिसादांवरून मी काही प्रश्न लिहून काढले आणि पाच संस्थांना पाठवले. आम्ही आलो नाही तर हे काम कोण करते? प्राण्याला हात लावावा लागतो का, आणि लागत असल्यास का? पिल्ले कुठून येतात आणि मोठी झाल्यावर कुठे जातात? शुल्कातले किती पैसे गावात राहतात? दहा वर्षांचा मुलगा प्रत्यक्ष काय करेल? सिंहवाल्या कंपनीकडून उत्तराऐवजी पंधरा टक्के सवलतीचा प्रस्ताव आला. एका संस्थेने फक्त छायाचित्रे पाठवली. तिसरीने आमच्या मुलासाठी अजून दोन वर्षे थांबा असे स्पष्ट लिहिले, आणि मला तिच्याबद्दल सर्वाधिक विश्वास वाटला. चौथीकडून अद्याप काही नाही.

पाचवी श्रीलंकेतली, वस्गमुवाच्याच परिसरातली. त्यांनी तिथे हत्तींना न आवडणारी संत्रावर्गीय झाडे शेतकऱ्यांच्या परसांभोवती लावण्याचा प्रयोग चालवला आहे. तेव्हा रोपे लावणे, जगलेली-मेलेली मोजणे आणि लीद, असे मुलाचे काम त्यांनी तीन ओळींत कळवले. हत्ती दिसतीलच असे आश्वासन देता येणार नाही, हेही लिहिले. मे महिन्यात त्या कोरड्या पट्ट्यात पावसाची अडचण सहसा नसते, म्हणून परीक्षा संपल्यावरची दहा दिवसांची तारीख घेतली आहे. त्याआधी मार्चमधला एक शनिवार-रविवार वेळासला जाणार आहोत. वेळासवारी, तिथल्या एखाद्या घरगुती मुक्कामाचा पत्ता कृपया व्यक्तिगत निरोपाने कळवावा.

मुलाला हे पटले आहे असे मी म्हणणार नाही. 'लीद' या शब्दावर तो दोन दिवस हसत होता, आणि आता शाळेतल्या मित्रांना आपण हत्तीची लीद मोजायला परदेशी जाणार असे सांगत सुटला आहे, ते कौतुकाने की थट्टेने हे मला ओळखता येत नाही. सासूबाई येणार नाहीत. "शेण मोजायला इमानानं?" एवढे म्हणून त्यांनी पासपोर्टचा अर्ज परत केला.

बगळा, सामानात काय घ्यावे?

शिवडीचा_बगळा

मातकट किंवा फिकट हिरवे, पूर्ण बाह्यांचे कपडे; पांढरे आणि भडक नकोत. जळवांसाठी लांब मोजे. मुलांसाठी प्रत्येकी स्वतंत्र वही, नाहीतर भांडतात. पेन्सिली जास्त घ्या, पेनची शाई घामाने आणि पावसाने पसरते. आणि शिंप्याची कापडी टेप आवर्जून न्या. आम्ही घरातली पोलादी टेप नेली होती, ती गोळ्याभोवती वळत नाही, शेवटी दोरी गुंडाळून मापे घ्यावी लागली.